वन्संनी धरलेलं मनगट

नव्या पेठेत अस्तराच्या दुकानात पोपटी ब्लाऊजपीसला पोपटी अस्तर जुळवत उभी होते, तेव्हा चाँदभाईंचा फोन आला. चाँदभाई म्हणजे आमच्या वन्संच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. ते मला कधीच फोन करत नसत, त्यामुळे नाव बघूनच हातातलं अस्तर खाली ठेवलं. "भाभी, मॅडमला मीटिंगमधी चक्कर आली. सरकारी दवाखान्यात आणलंय. तुमी या." मी विचारलं, "बोलताहेत का?" तर म्हणाले, "तुमी या की, भाभी." तेवढ्यावरून जे कळायचं ते कळलं. रिक्षात बसले आणि भलत्याच दवाखान्याचं नाव सांगून मोकळी झाले. अर्ध्या वाटेत चूक लक्षात आली, तर रिक्षावाल्यावरच डाफरले. पोचले तेव्हा पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली होती. हार्ट अटॅक, असं कुणीतरी म्हणालं. मी त्यांचं मनगट हातात घेतलं. मला नाडी बघता येत नाही, कुठं बोट ठेवायचं तेही धड माहीत नाही, तरी धरून बसले. नर्स हळूच म्हणाली, "काकू, आता काही नाही त्यात." मला माहीत होतं. पण त्या मनगटाशी माझं एक वेगळं खातं आहे, ते तिला कुठून कळणार?

वन्सं म्हणजे डॉ. सुमन, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उत्तर सोलापूर तालुक्याच्या आरोग्य अधिकारी. त्यांनी लग्न केलं नाही; भवानी पेठेतल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायच्या आणि खाली आमच्यात जेवायच्या. सकाळी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. बारा महिने तेच, आणि चटणीत मीठ जरा जास्त झालं की, "नलू, बीपी वाढवून मारतेस का मला?" अगदी शेवटच्या सकाळीही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, "मग स्वतः कुटा की चटणी." आमचं शेवटचं बोलणं एवढंच. त्याला काही अर्थ असावा असं मला फार वाटतं, पण नाही त्यात काही अर्थ.

आता माझ्याबद्दल. मी घरी पिको-फॉल करते, ब्लाऊज शिवते आणि मी जातीची भित्री आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, पोलिसाला भिते, आणि सगळ्यात जास्त इंजेक्शनला. दवाखान्यात पाऊल टाकलं की माझी नजर आधी सुई शोधते आणि सापडली की तिथून हलत नाही. वन्सं यावरून किती चिडवायच्या! "दिवसभर सुई हातात घेऊन बसतेस आणि सुईला भितेस? धन्य आहे बाई तुझी!" मी म्हणायचे, "माझी सुई कापडात जाते, वन्सं. तुमची माणसात जाते."

वन्संची एक खोड होती. कुणाच्याही दवाखान्यात गेल्या की आधी भिंत वाचायच्या. डॉक्टरांच्या पाठीमागे फ्रेममध्ये नोंदणीचं प्रमाणपत्र असतं ना, त्याच्याजवळ जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून नाव, पदवी, कुठल्या परिषदेची नोंदणी, मुदत कधीपर्यंत, सगळं वाचायच्या. एकदा माझ्या नवऱ्याचा गुडघा दाखवायला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. गुडघा राहिला बाजूला, वन्सं त्यांना विचारतात, "नूतनीकरण केलंत का हो?" बिचारा डॉक्टर उठून उभाच राहिला. बाहेर आल्यावर नवरा तापला, "अक्का, लाज आणलीस!" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "रमेश, तू भाजीवाल्याचा तराजू बघतोस, रिक्षाचं मीटर बघतोस. आणि जो अंगात सुई खुपसणार त्याचं काही बघायचं नाही होय?"

त्यांचं बोलणं मला तेव्हा अती वाटायचं. मग एका पावसाळ्यात त्यांचा चेहराच बदलला. तालुक्यातल्या एका गावात (गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत) एकाच गल्लीत घराघरात कावीळ निघाली. पाणी तपासलं, पाणी चांगलं. मग वन्सं घरोघर फिरल्या, तेव्हा कळलं की ही सगळी माणसं थंडीतापाला एकाच डॉक्टरकडे जाऊन सुई घेतात. त्या गल्लीतली एक पोर गेली. पोरच म्हणायची, कडेवर तान्हं मूल होतं तिच्या. त्या दिवशी वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मी ताट वाढलं, त्यांनी सरकवलं. म्हणाल्या, "नलू, तो डॉक्टरच नाही गं. कुठल्याच परिषदेत त्याची नोंद नाही. इथं शहरात कुणाकडे तरी कंपाउंडर होता." त्यांना रागवताना मी हजारदा बघितलं होतं. त्या दिवशी त्या रागावलेल्या नव्हत्या. भ्यालेल्या होत्या.

बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल करायचा तर तो उपचार करताना सापडावा लागतो. त्यासाठी आधी एक माणूस रुग्ण म्हणून आत पाठवतात, डमी पेशंट म्हणतात त्याला. तो आतून खूण करतो, मग अधिकारी, पंच आणि पोलीस आत शिरतात. पण वन्संच्या ऑफिसातल्या सगळ्या बायका गावोगाव ओळखीच्या. एक दिवस ब्लाऊजला हुक लावत बसले होते तर वन्सं समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू चल." मी हसले. मग लक्षात आलं, त्या हसत नव्हत्या. "वन्सं, अहो, मी तिथंच मरेन!" "नाही मरत. मी दारात असेन. सुई भरली की जोरात खोकायचं, बस्स." मी म्हटलं, "जगात एवढी धीट माणसं आहेत, मीच कशी सापडले तुम्हाला?" तर म्हणाल्या, "धीट माणूस सुईकडे बघत नाही, नलू. तू बघतेस."

जीपमध्ये मी जीव मुठीत धरून बसले होते. चाँदभाई आरशातून बघून म्हणाले, "भाभी, पाणी पिओ." मी नको म्हटलं. तेव्हा वन्संनी माझं डावं मनगट हातात घेतलं. "बघू तुझी नाडी. किती घाबरलीस?" आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिल्या. पुरुष घालतात तसं मोठ्या तबकडीचं घड्याळ होतं त्यांचं. मी विचारलं, "किती?" म्हणाल्या, "गप, मोजू दे." गाव येईपर्यंत मोजतच होत्या.

पिठाच्या गिरणीमागची एक खोली, तोच त्याचा दवाखाना. पोलीस आणि पंच एसटी स्टँडवर थांबले होते, फोन केला की येणार होते. वन्संनी डोक्यावरून पदर घेतला आणि ज्वारीचा डबा काखेला मारून दळणाच्या रांगेत उभ्या राहिल्या. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी! एरवी मी पोट धरून हसले असते. आत माझ्या पुढे एक म्हातारी होती. तो माणूस पन्नाशीचा, पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध. त्याने म्हातारीला दंडात सुई दिली, सिरिंज स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात बुडवली, दोनदा पाणी ओढून भिंतीवर उडवलं आणि तीच वाटीच्या काठाला टेकवून ठेवली. सुईच्या बुडाचं निळं प्लास्टिक एका बाजूला चिरलेलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "या ताई. काय होतंय?" अंग दुखतंय म्हणायचं ठरलं होतं. माझी नजर त्या सुईवरून हलेना. तर त्याने काय करावं? उठून पंखा माझ्याकडे वळवला. तांब्यातून पाणी दिलं. "घाबरू नगा ताई, मी हाय की." अगदी सख्ख्या भावासारखं म्हणाला. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. आयुष्यात कुठल्या खऱ्या डॉक्टरने माझ्यासाठी पंखा वळवला नव्हता. आणि हे बरं वाटणं आठवलं की मला अजूनही सगळ्यात जास्त भीती वाटते… कारण त्या गल्लीतल्या प्रत्येकाला असंच बरं वाटलं असणार.

त्याने बाटलीतून औषध ओढलं. सिरिंज तीच, चिरलेल्या निळ्या बुडाची. मला खोकायचं होतं, पण खोकला येईना. माझी बाही वर सरकवली गेली, दंडावर ओला कापूस फिरला, आणि मी नुसती त्या सुईकडे बघत बसले. एवढ्यात दारात धाडकन आवाज झाला. ज्वारीचा डबा खाली, ज्वारी सगळ्या उंबऱ्यावर, आणि वन्सं आत! मी खोकायची त्यांनी वाट बघितली नाही. पोलिसांना फोन केला नाही. कायद्यात बसेल असं काहीच केलं नाही. त्याचा हात धरला आणि ओरडल्या, "तिला हात लावू नकोस!"

मग जो गोंधळ झाला त्यात, चाँदभाईंनी फोन करून पोलीस येईपर्यंत सुई गायब झाली होती. वाटी घासून पालथी घातलेली. बाटल्या, सलाईन, गोळ्या मिळाल्या, पण ती सिरिंज कुणी कुठं फेकली ते कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं काम केलेल्या बाईने अशी चूक करावी? खूण होईपर्यंत आत जायचं नाही, हे त्याच सगळ्यांना शिकवायच्या. बाहेर गाव जमलं. शिव्या, आरडाओरडा, आणि त्यातही दोन बायका उंबऱ्यावर बसून ज्वारी गोळा करत होत्या. एक बाई पोराला काखेत घेऊन वन्संच्या तोंडासमोर आली. "ह्यो गेल्यावर पोर तापलं तर कुटं जावं आमी? तुमचं उपकेंद्र कवा उघडं असतंय व्हय? कुलूपच बघतोय की आमी!" मला वाटलं वन्सं कायदा सांगतील. त्या म्हणाल्या, "खरंय बाई तुमचं." तेवढंच म्हणाल्या आणि खाली मान घालून जीपकडे चालू लागल्या. मागून एक दगड जीपच्या पत्र्यावर आदळला. चाँदभाईंनी गाडी अशी काढली की माझी टाळूच छताला लागली.

परतीच्या वाटेवर वन्संनी पुन्हा माझं मनगट धरलं होतं. सोलापूर जवळ आल्यावर माझा जीव जरा थाऱ्यावर आला, तेव्हा मी त्यांच्या घड्याळाकडे बघितलं. काटे हलतच नव्हते. "वन्सं, घड्याळ बंद आहे की तुमचं!" "माहितीय. सेल संपलाय, सकाळपासून." "मग जाताना मोजत काय होता?" त्यांनी घड्याळावर पदर ओढला. मग म्हणाल्या, "कुणाचा तरी हात धरायला लागतो मला, नलू. अशा कामाला निघालं की माझी बोबडी वळते. ऑफिसच्या माणसांचा हात कसा धरणार? म्हणून नाडी बघते." मग मला चाँदभाईंचं बोलणं आठवलं. ते कितीदा कौतुकाने म्हणाले होते, मॅडम रोज माझी तब्येत बघतात, भाभी, रोज नाडी बघतात… आरशात चाँदभाईंनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. त्यांना आधीपासूनच माहीत असावं.

पुढे त्या बाईचा प्रश्न वन्सं विसरल्या नाहीत. उपकेंद्राचं कुलूप निघालं, नर्सताई तिथं राहायला आल्या, आठवड्यातून ठरल्या दिवशी डॉक्टर बसू लागले आणि पहिले काही महिने वन्सं स्वतः संध्याकाळी तिथं जाऊन बसायच्या. हळूहळू गावातल्या बायका बाळंतपणाला तिथं येऊ लागल्या. त्या गल्लीत नवी कावीळ निघाली नाही. हे सगळं खरं. पण तो माणूस जामिनावर सुटला, हेही खरं. पलीकडच्या गावात त्याने नवी पाटी लावली, तिच्यावर डॉक्टर शब्द नाही, 'आरोग्य सल्ला' एवढंच. आणि फोन येऊ लागले. आवाज अनोळखी, बोलणं गोड. "मॅडम, भवानी पेठेतलं घर लई छान हाय तुमचं." दाराची कडी वाजली की माझं मशीन थांबायचं. मी वन्संना स्पष्ट सांगितलं, "मी कोर्टात येणार नाही. तिथं त्याच्यासमोर उभं राहणं मला जमायचं नाही." सुई सापडली नव्हती, त्यामुळे सगळी केस माझ्या डोळ्यांवर उभी होती, म्हातारीची सुई माझ्यासाठी भरताना माझ्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. वन्संना हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी म्हणाल्या, "नको येऊस. मी बघते काय ते." पुन्हा एका शब्दाने विषय काढला नाही. काढला असता तर मी भांडले तरी असते!

आणि मग त्या गेल्या. दहावं उरकल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. एका दुपारी नवरा बाहेर गेला होता, मी एकटीच होते, आणि कडी वाजली. दारात तो. तोच पांढरा शर्ट, तेच गंध. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, मी बाजूला झाले. तो सतरंजीवर बसला, वन्संच्या फोटोला हात जोडले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं, असं मला वाटतं, आणि म्हणूनच मी गारठले. "देवमाणूस हुत्या मॅडम. माज्यावर राग हुता, पर मानूस खरं." मग माझ्याकडे बघून, "तुमी बीपीची गोळी घेता न्हवं ताई? चेहरा उतरलाय." आणि पुढं म्हणाला, "आता मॅडमच न्हाईत. तुमी कशाला कोर्टाची दगदग करून घेताय? तुमची तब्येत नाजूक." तो उठला, चपला घातल्या. आमच्याकडे दुःखाच्या घरातून निघताना माणूस मुकाट्याने उठून जातो. 'येतो' म्हणत नाहीत. तसल्या कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. लहान पोरालाही हे माहीत असतं. त्याने दारात मागे वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "येतो मी, ताई."

त्यानंतर समन्स आलं. नवरा म्हणाला, "नलू, डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊ. आजारी आहे म्हणू. अक्का गेली, आता कुणासाठी?" त्याचंही चुकलं नव्हतं, तोही माझ्याइतकाच भ्यालेला. मी हो म्हटलं. मग मशीनवर बसले. पाय हलेना. राहून राहून ती बाई डोळ्यांपुढे यायची, पोर काखेत घेऊन विचारणारी. पलीकडच्या गावात आताही असंच कुणीतरी रांगेत बसलं असेल, आणि तो पंखा वळवून म्हणत असेल, मी हाय की. मशीन बंद केलं. नवऱ्याला सांगितलं, "सर्टिफिकेट नको. चाँदभाईंना फोन लाव. सोबत कुणीतरी हवं मला."

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर चाँदभाई माझ्या शेजारी बसले होते आणि तो समोरच्या बाकावर. माझ्याकडे बघून त्याने नमस्कार केला. नावाचा पुकारा झाला तेव्हा चाँदभाईंनी मला कोपराला धरून उभं केलं. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं ते सांगितलं, म्हातारी, वाटी, चिरलेलं निळं बूड. मग त्याचे वकील उठले. तरुण, हसतमुख. "बाई, तुम्ही त्या दिवशी खूप घाबरला होता?" "हो." "इतक्या, की तुम्हाला खोकतासुद्धा आलं नाही?" "नाही आलं." "आताही घाबरलाय?" माझा उजवा हात कधीचा माझ्याच डाव्या मनगटावर होता, तो मी तसाच ठेवला. "हो, आताही." ते न्यायाधीश साहेबांकडे वळून म्हणाले, "इतक्या घाबरलेल्या बाईला सुई तीच होती की दुसरी, हे कसं दिसणार?" मी म्हटलं, "साहेब, मला लहानपणापासून सुईची भीती आहे. त्या खोलीत गेल्यापासून मी दुसरं काही बघितलंच नाही. त्यांच्या भिंतीचा रंग विचारा, मला सांगता येणार नाही. सुई तीच होती." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल ते मला माहीत नाही. वन्संचं घड्याळ मी आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय, ते चालू आहे. सकाळी चटणी कुटते, मीठ कमीच घालते, आणि मग कुणी काही बोलत नाही ते सहन होत नाही. मी धीट वगैरे झाले, असं कुणी समजू नये. 'येतो' म्हणून गेलेला माणूस अजून आलेला नाही, आणि कडी वाजली की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. मशीन थांबतं. उजवा हात डाव्या मनगटावर जातो, वन्सं धरायच्या तिथंच. घटकाभर तशी बसते… मग उठते आणि जाऊन दार उघडते.